कानी वसविला गाव

"त्या डावीकडच्या तानपुऱ्याची पहिली तार उतरलीय बघ," लालासाहेब तिच्या कानाशी वाकून म्हणाला, आणि मायाला क्षणभर वाटलं, शेजारच्या खुर्चीत कुणी दुसराच माणूस येऊन बसलाय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या छोट्या हॉलमध्ये तिच्या गाण्याच्या क्लासचा वर्षाचा कार्यक्रम चालला होता. प्रियदर्शनी, तिची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी, भीमपलास गात होती, पालक मोबाइल वर धरून बसले होते, आणि माया त्या पोरीच्या गळ्यामागे मनातल्या मनात गळा लावून चालली होती. तानपुऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. आता गेलं. वरच्या पंख्याचा वारा सरळ त्या तानपुऱ्यावर येत होता आणि पंचमाची तार केसभर, अगदी केसभर खाली आली होती. चिंचेच्या झाडावरून एक पान सुटावं आणि झाडाला कळू नये, एवढीच. तिनं मागे बसलेल्या मुलीला बोटानं खूण केली, मुलीनं मणी सरकवला, सूर जाग्यावर आला. माया मात्र जाग्यावर आली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान एका खांद्याकडे कलती करून, डोळे मिटून बसला होता. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या माणसाचे सगळे चेहरे आपल्याकडे असतात, झोपेतला, तापातला, भावकीच्या भांडणातला, तिजोरीतल्या दागिन्यांसारखे मोजून ठेवलेले. आणि हा एक दागिना बाहेरून आलेला. कुणी घातला?

लालासाहेबाला सूर कळत नव्हता, ही त्यांच्या घरातली भिंतीइतकी पक्की गोष्ट होती. कोरेगावकडचं उसाचं घर, निम्मे पुरुष पलटणीत, आजोबा सुभेदार, त्यांनीच नातवाचं नाव हौसेनं लालासाहेब ठेवलेलं. त्या घरात सूर म्हणजे बिगूल, नाहीतर कारखान्याचा भोंगा. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मायानं लय जीव लावून त्याला शिकवायला घेतलं होतं. आपलं माणूस आपल्या गाण्यात आंधळ्यासारखं वावरतं, हे तिला सोसवत नव्हतं. पेटीसमोर बसवून ती म्हणायची, "म्हणा, सा." तो छाती काढून म्हणायचा, "सा!" हजेरीला ओ दिल्यासारखा. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या वाजवून ती विचारायची, "ह्यातला वरचा कुठला?" तो विचार करून म्हणायचा, "दोन्ही चांगले हायत की." एकदा ती रडली होती त्यावर. मग कितीतरी वर्षं हसली. मग शिकवणंच सुटलं, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की नवऱ्याचं हे बहिरेपण म्हणजे घरातला एक गार कोपरा आहे. बाहेर सगळ्यांकडे कान होते. गुरुजींचे होते, मैत्रिणींचे होते, मिरजेहून तानपुरा दुरुस्त करून आणणाऱ्या कारागिराचे तर सुईसारखे होते. जिथे जाईल तिथे तिला कुणीतरी तोलत होतं. घर तेवढं तराजू नसलेलं. घसा बसलेला असो, सूर हललेला असो, न्हाणीघरातून, दाढी करताना, पेपराआडून त्याचा एकच शब्द यायचा, "लय भारी." कशालाही. एकदा तार तुटल्याचा आवाज झाला, त्यालासुद्धा.

कार्यक्रम संपला, वडे संपले, सतरंज्या गोळा झाल्या. स्कूटरवर मागे बसून घरी येताना तिनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"काय?"

"तार."

"आलं कानावर."

"इतकी वर्षं नाही आलं ते?"

"आता येतंय," तो म्हणाला, आणि वळणावर ब्रेक लावताना पुढे, "ह्या गाडीचं मागचं बेरिंग चाललंय बघ. बारीक शिट्टी मारतंय. ऐकू येती का?"

तिला येत नव्हती. वारा होता, रस्ता होता, आणि पुढ्यात एक पाठ होती, जी तिला पाठ होती असं ती समजत आली होती.

त्या रात्री ती अंथरुणावर पडून राहिली आणि तासगावला गेली. तासगावात तिच्या वडिलांची आणि बनुआत्याची बेदाण्याची शेड होती. उन्हाळ्यात जाळ्यांवर द्राक्षं सुकायची, मग ती झाडून खाली घ्यायची, आणि सावलीत बायका ओळीनं निवडायला बसायच्या. आत्या मालकीण, पण बसायची सगळ्यांच्या मधोमध, मांडीवर सूप घेऊन. मायाला तिथे बसायची हौस. तिला वाटायचं, आत्या आधी चांगला हिरवा बेदाणा दाखवील, असा असतो म्हणेल. आत्यानं तसं केलंच नाही. तिनं सगळा मिसळलेला ढीग पोरीच्या सुपात ओतला, हिरवा, पिवळा, करपलेला, चिकटलेला, आणि म्हणाली, "काढ." मायानं काढले, आत्यानं त्यातले निम्मे परत सुपात टाकले. काही सांगितलं नाही. पुन्हा काढले, पुन्हा टाकले. सुट्टी सरत आली तेव्हा केव्हातरी, पोरीचं लक्ष उंबऱ्यावरच्या मांजराकडे असताना, तिच्या बोटांनी आपणहून एक दाणा उचलून बाजूला टाकला. डोळ्यांनी पाहिला होता का, तेही तिला कळलं नाही. आत्या हसली होती. "आली बाई नदर. आता जायची न्हाई. नदर उसनी मिळत न्हाई, पोरी, अन् दिलेली परत घेताबी येत न्हाई." आणि सूप हलवत तिनं गळा सोडला होता,

सुपात बेदाणा, बाई पसरिला लाख
एका काळ्या दाण्यालाबी माझ्या नदरंचा धाक

तर हे असं असतं. मायाला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि म्हणूनच तिला झोप लागत नव्हती. दुसरी एखादी बाई असती तर म्हणाली असती, कळलं असेल सहज. पण डोळा, कान, जीभ, ह्यांना सहज काही येत नाही. त्यांच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं. ढीग ओतावा लागतो, परत टाकावा लागतो, दिवसांमागून दिवस. म्हणजे कुणीतरी बसलं होतं लालासाहेबाच्या शेजारी. साताऱ्यात. तो पाण्याच्या योजनांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत होता, गेल्या दोन वर्षांपासून त्याचं काम साताऱ्याला होतं, तिथे खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी सांगलीला यायचा. दोन वर्षं. दोन वर्षांत बिनकानाच्या माणसाला पंचम ऐकू यायला लागतो का? लागतो, रोज कुणी घेऊन बसलं तर. तिच्या हातून पहिल्या वर्षी जे झालं नाही, ते कुणाच्या तरी हातून झालं. परक्या बाईनं आपल्या नवऱ्याला जेवू घातलं तर माणूस चिडतं. पण आपल्या हातचा घास ज्यानं कधी गिळला नाही, तो तिच्या हातून गिळायला शिकला, तर काय करतं?

मग तिनं ती बाई रचायला घेतली. साताऱ्यातली एक वरच्या मजल्यावरची खोली, यवतेश्वराकडून येणारा वारा, खिडकीत वाळत घातलेली ओली साडी. बाई फार देखणी नको. देखण्या बाईचा मत्सर करणं सोपं असतं. सावळी, लांब बोटांची, धीराची. हां, धीराची. तिनं एकदाही म्हटलं नसेल, अहो एवढंसुद्धा कळत नाही का. मायानं म्हटलं होतं. ती बाई तार छेडत असेल, आणि हा मान कलती करून डोळे मिटत असेल. त्या चेहऱ्याला ती बाई रोज पाहत असेल. मायाच्या पोटात काहीतरी आंबट हललं, कच्च्या द्राक्षासारखं, आणि गंमत अशी की तिला ते थोडं हवंसंही वाटलं. कारण त्या आंबटाच्या तळाशी दुसरं एक काहीतरी होतं, आणि ते त्याहून वाईट होतं, आणि त्याला हे आंबट झाकण बरं होतं.

ते असं होतं. गेल्या दिवाळीपासून तिचा तार षड्ज, वरचा सा, लागत नव्हता. लागत होता, म्हणजे लोकांना लागत होता. वर जायची, पोचायची, आणि पोचल्यावर काहीतरी व्हायचं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सगळं छान आहे म्हणाले. तिनं क्लासची पट्टी गुपचूप अर्ध्या सुरानं खाली आणली, मुलांना सोपं पडतं म्हणाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि कुणी बोललं नाही; ह्यातलं खरं काय, हे ती लोकांच्या डोळ्यांत शोधत राहायची. शोधायचं नसायचं ते फक्त घरी. पहाटे रियाजाला बसून ती मोकळेपणानं वर जायची, मोकळेपणानं चुकायची, आणि रविवार असला तर स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "लय भारी." आता त्या घरात कान आला होता. त्याला केसभर उतरलेली तार कळली होती. मग—

पुढचं तिनं विचारात येऊ दिलं नाही. ती पुन्हा त्या सावळ्या बाईकडे वळली. मत्सर परवडत होता.

रविवारी तिनं रियाज केला नाही. सर्दी झाल्याचं सांगितलं. दिवसभर ती त्याच्या कानावर पाळत ठेवून राहिली. कुकरच्या शिटीला तो मान न वळवता म्हणाला, "रिंग बदलायला झालीया." शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला तसा त्याचा घास क्षणभर थांबला. भांडं घासताना तिनं मुद्दाम गुणगुणायला घेतलं आणि अर्ध्यातच सोडलं. त्यानं विचारलं नाही, का सोडलंस. पूर्वीही विचारत नव्हता. पण पूर्वीचं न विचारणं वेगळं होतं. तेव्हा ते रिकामं असायचं.

दुपारी त्याचा फोन वाजला. तो न्हाणीघरात होता. तिनं उचलला.

"सर, उद्या साडेपाचलाच या हां," एक तरणा, खणखणीत आवाज म्हणाला. "टाकीखालच्या गल्लीत काल मी ऐकलं, तुमाला दाखवायचंय. लय गोड लागतंय. आणि चहा तुमच्याकडं, मागच्या टायमाला मी हरले नव्हते, तुमी हरलावता!"

"ते अंघोळीला गेलेत," माया म्हणाली.

"अय्यो, वहिनी! मी शिवांजली. सरांबरोबर कामाला हाय. सॉरी हां, मी आपलं सरळ सुरूच केलं."

गोड लागतंय. तिनं फोन ठेवला. तो टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला तेव्हा तिनं सपाट आवाजात निरोप सांगितला, सगळा, गोडासकट, आणि विचारलं, "कोण ही?"

"शिवांजली व्हय. इंजिनिअर पोरगी हाय. वडूजची. लय हुशार." मग तो हसला, मनापासून, दाताची फट दिसेल असा. "माझी गुरू म्हण की."

गुरू. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. पेटीसमोर बसून ह्या माणसासाठी तिनं रडून घेतलं. आणि हा शब्द त्याच्या तोंडून कधी आपल्यासाठी निघाला नाही, ह्याची तिला आत्ता, टॉवेलातून टपकणाऱ्या पाण्याकडे बघताना आठवण झाली. बनुआत्याच्या चालीवर तिच्या आत काहीतरी आपणहून जुळायला लागलं. ओव्या अशाच येतात, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तशा.

सवत म्हणू कुणा, तिला रूप ना गं नाव
माझ्या घरधन्याच्या कानी तिनं वसविला गाव

"मी येते तुमच्याबरोबर साताऱ्याला," ती म्हणाली. "खोली कधी बघितलीच नाही तुमची."

"चल की," तो म्हणाला. त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि न हलल्याचासुद्धा तिला राग आला.

रात्रीच्या एसटीनं थेट येऊन सोमवारी उजाडायच्या आधी ती साताऱ्याच्या एका पेठेतल्या उताराच्या गल्लीत शाल गुंडाळून उभी होती. वर अजिंक्यताऱ्याची काळी पाठ, खाली झोपलेली घरं, एका ओट्यावर अंग चोरून बसलेलं कुत्रं. सावळी, लांब बोटांची बाई तिथे नव्हती. जीन्समधली, कानटोपी घातलेली, गालावर मुरमांचे डाग असलेली एक मुलगी होती, तिच्या हातात माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी काठी होती आणि काठीच्या वरच्या टोकाला वाटीसारखं काही. आणि फावड्यावर हनुवटी टेकून उभा असलेला अर्जुना होता, खड्डे खणणारा.

"वहिनी आल्या का? बरं झालं," अर्जुना म्हणाला. "आवं, ह्या सायबांच्या कानानं माझी कंबार मोडली. पयल्या वर्साला म्हनतील तितं खनायचो, अन् खड्डा कोरडा! म्या म्हनलं, सायेब, हितं पानी न्हाई, हितं आता खजिनाच घावंल."

"गप रं," लालासाहेब हसत म्हणाला.

"गप काय गप. वरनं ह्या बाई म्हनायच्या, असूंदे, चुकूंदे, चुकल्याबिगर कान हुत न्हाई. कान त्यांचा, कंबार माझी!"

म्हणजे हे होतं ते. जमिनीखालच्या नळांत कुठे गळती आहे ते ऐकून काढायचं. घरोघरचे नळ सुटायच्या आधी, गाड्या सुरू व्हायच्या आधी, टाकीकडची लाइन भरलेली असते तेव्हा ही काठी व्हॉल्व्हवर टेकवायची, वाटी कानाला लावायची. यंत्रंही होती गाडीत, पण शिवांजली म्हणाली, आधी काठी, मग यंत्र. मायाच्या छातीतून एक मोठा धोंडा खाली गेला आणि जाता जाता तिथेच अडकला. कारण हलकं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं.

"सरांना सुरवातीला सगळं सारखंच ऐकू यायचं," शिवांजली सांगत होती. "म्हणायचे, सूं सूं वाजतंय. मी म्हटलं, सर, मी काय सांगणार न्हाई. हा व्हॉल्व्ह ऐका, तो ऐका. एक गळतोय, एक नुसता वाहतोय. कुठला ते बोला. मग खणायचं. खणलं की लगेच कळतं ना, वहिनी, बरोबर का चूक. चुकले की परत येऊन तेच ऐकायचं. मला माझ्या पहिल्या सायबांनी असंच शिकवलं. चांगलं ऐकून काय उपेग? वाईट कसं वाजतं ते कळलं पायजे."

मायाला पेटीच्या दोन पट्ट्या आठवल्या. आणि एकदम बनुआत्याचा मिसळलेला ढीग. वीस वर्षांपूर्वी तिनं नवऱ्यापुढे फक्त शुद्ध सूर ठेवले होते, निवडून, पुसून, चांदीच्या वाटीत. चुकीचा सूर घरात येऊसुद्धा दिला नव्हता. त्याच्या "सा"ला ती कानांवर हात ठेवायची. त्याला वेगळं काढायला काही दिलंच नव्हतं. जे तिला शेडमध्ये मांडीला मांडी लावून मिळालं, ते ती द्यायला विसरली, आणि ही कानटोपीतली पोरगी विसरली नाही. ह्या पोरीचा राग करायला काही जागाच नव्हती. मत्सराला जागा लागत नाही. तो उभ्याउभ्याही राहतो.

"तुमी ऐका की वहिनी," शिवांजलीनं काठी पुढे केली. "तुमचा तर कान तयार."

लोखंड गार होतं. मायानं वाटी कानाला लावली आणि खालून एक लांब, न तुटणारा आवाज तिच्यात चढला, समईची वात फरफरावी तसा, पण खोल. "माझा सा धरला तर कोमल धैवत," ती म्हणाली. "थोडा चढाच."

"बाप रे!" शिवांजली म्हणाली. "हे आमाला कुणालाच येत न्हाई. पण गळतंय का?"

ते मायाला सांगता येईना. धैवत होता. गळका का बिनगळका, धैवत दोघांनाही सारखाच असणार. तिनं काठी नवऱ्याकडे दिली. त्यानं मान कलती केली. डोळे मिटले. आला तो चेहरा, ह्या थंडीत, कुत्र्यासमोर, अर्जुनासमोर, उघड्या रस्त्यावर आला. किती एकटा, किती भरलेला चेहरा. मग डोळे उघडून तो शिवांजलीकडे पाहत नुसता भुवई उचलून राहिला, तिनं ओठ दुमडून मान हलवली, आणि दोघांनी एकदमच उताराच्या खालच्या बाजूला बोट केलं. तेवढंच. एक शब्द नाही, स्पर्श नाही. पण मैफलीत दोन जाणकार एकाच जागेवर एकमेकांकडे पाहतात, ते हे पाहणं होतं. मायानं आयुष्यभर ज्यासाठी ह्या माणसाकडे वळून पाहिलं आणि जिथे तिला पेपर वाचणारा माणूस दिसला, ते. तिला वाटलं, ह्यांनी अंगाला अंग लावलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

अर्जुना खणायला लागला. खालच्या टोकाला ओली, काळी माती वर आली आणि मग पाण्याचा एक बारीक, चकाकता दोरा. "घावलं!" अर्जुना ओरडला. "कंबार वाचली!"

चहाच्या गाड्यावर शिवांजली मायाच्या शेजारी उभी राहिली. तिला माया मनापासून आवडली होती, आणि हे मायाला त्रासाचं होत होतं. "वहिनी, तुमचं गाणं आमी रोज ऐकतो हां गाडीत," ती म्हणाली. "सरांच्या मोबाइलवर. एक जुनं हाय, कॅसेटवरचं, आणि एक आत्ताचं, क्लासच्या ग्रुपवरचं. एकदा काय झालं, सरांनी दोन्ही एकामागं एक लावली आणि म्हणाले, आता तुझी परीक्षा. ह्या दोनांत एका जागी फरक हाय. ओळख. मी चार दिवस ऐकलं. आमचा यंत्रवाला हेडफोन लावून ऐकलं. मला न्हाई सापडला बघा. मला तर दोन्ही सारखीच ग्वाड लागली. सर म्हणाले, हाय. सांगत न्हाईत पण काय ते. तुमी सांगा ना."

मायानं पाहिलं, लालासाहेब गाड्याच्या पलीकडे सुटे पैसे शोधत होता, आणि त्याचा हात खिशातच थांबला होता. त्याला ऐकू आलं होतं. अर्थातच. आता त्याला सगळंच ऐकू येत होतं.

दोघं खोलीवर आली. खोलीत एक कॉट होती, एक स्टोव्ह, दोरीवर त्याचे दोन शर्ट, खिडकीत कुणाची ओली साडी नाही. ती कॉटवर बसली. तो दाराशी उभा राहिला, दार आपलंच असून परवानगी मागितल्यासारखा.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या आसपास."

"आणि लय भारी म्हणत राहिलात."

"मग काय म्हनू?" तो म्हणाला. रागावला किंवा घाबरला की त्याची भाषा कोरेगावची व्हायची. "मला आधी वाटलं माझाच कान खोटा. पोरगीला ऐकवलं, तिला न्हाई आलं. मग वाटलं न्हाईच काय. पन रोज येतंय, माया. कान आला तो आला. म्या काय बोलावला न्हवता त्याला. आता बंद करता येत न्हाई."

दिलेली परत घेताही येत नाही. शिवांजलीला आलं नाही, हे मायाच्या मनात फार हळू उतरत होतं. गुरूला आलं नाही. यंत्राला आलं नाही. काठी त्या पोरीनं दिली, पण ह्या एका आवाजातला केसभराचा फरक ऐकायला जो ढीग लागतो, तो कुणी ओतला होता? वीस वर्षं, पहाटे, न्हाणीघराच्या दाराआडून, पेपराआडून, त्या बिनकानाच्या माणसाच्या कानात ती स्वतःच रोज सूप रिकामं करत आली होती, चांगलं, वाईट, बसलेलं, चढलेलं, न निवडता. चुकायला मोकळीक होती म्हणून. बहिऱ्यापुढे कुणी निवडून गातं का? तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण एवढं सगळं खरं असलं, तरी तराजू नसलेलं घर आता नव्हतं. कुठेच नव्हतं.

"लावा," ती म्हणाली.

"काय?"

"ते जुनं. कॅसेटवरचं."

त्यानं मोबाइल काढला. न शोधता सापडलं त्याला. सगळ्यात वर होतं. कोल्हापूरच्या कुठल्याशा कार्यक्रमातलं, खरखर असलेलं, आणि त्या खरखरीतून एक पंचविशीतली मुलगी वर जायला लागली. किती बेफिकीर. पायऱ्या न मोजता गच्चीवर पळणाऱ्या पोरीसारखी. ती तार षड्जावर पोचली आणि तिथे उभी राहिली, वाऱ्यात, पदर न सावरता. मायानं नवऱ्याकडे पाहिलं. मान कलती झाली होती. डोळे मिटले होते. तो चेहरा. कार्यक्रमात तिनं पाहिला तो, गल्लीत पाहिला तो. आणि मायाच्या पोटातलं ते कच्चं, आंबट द्राक्ष पुन्हा हललं, पण आता त्याला रूपही होतं आणि नावही होतं. साताऱ्यातल्या ह्या खोलीत, रोज, तिच्या नवऱ्याच्या कानात एक बाई राहत होती. ती इथे वरच्या सुरात उभी होती. तिचं नाव माया होतं.

"आणि माझं?" ती म्हणाली. "माझं कुठं उतरतं, ते सांगा."

"जाऊंदे गं."

"खणा," ती म्हणाली. "कोरडा निघाला तर निघाला."

मोबाइलमधली मुलगी ताना घेत होती. "वर जाताना न्हाई," तो शेवटी म्हणाला, एकेक शब्द मातीतून काढल्यासारखा. "वर पोचतीस. बरोबर पोचतीस. पन पोचल्यावर… बसतीस. आधी उभी ऱ्हायचीस. आता बसतीस."

गुरुजी असते तर श्रुती म्हणाले असते, श्वास म्हणाले असते. हे कुणीच म्हणालं नसतं. बसतीस. तिनं डोळे मिटून बघितलं, तर खरंच ती तिथे वर, अंधारात, दमून उकिडवी बसलेली होती, आणि इतके महिने तिला ते आतून दिसलं नव्हतं. पोचल्यावर. वर जातानाची भीती ती उगाच बाळगत होती. गळती चढात नव्हती, पोचल्यानंतरच्या जागी होती.

तिनं शाल खाली घेतली, पाठ ताठ केली, मांडीवर हात उताणे ठेवले. तानपुरा नव्हता. बाहेर पेठेतले नळ सुटले होते, घागरी भरायला लागल्या होत्या, आणि त्या सगळ्या आवाजात तिनं आपला सा शोधला. तो दारातून आत आला आणि खाली, जमिनीवर बसला, तिच्यासमोर, पेटीसमोर बसवायची तेव्हा बसायचा तसा. मान कलती व्हायला लागली. तिनं श्वास घेतला आणि थांबली.

"आधी तिला बंद करा," ती म्हणाली.